निळ्या रेघेपर्यंत

प्रिय बाबा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील, तर आधीच सांगते, मी नापास झालेले नाही आणि परस्पर लग्नही उरकलेलं नाही. पत्र लिहायचं कारण साधं आहे. फोनवर तू माझं एका कानाने ऐकतोस, दुसरा कान शिलाईच्या मशीनकडे असतो, आणि मी जरा कुठे मुद्द्यावर आले की 'थांब हं, आईला देतो' म्हणून मोकळा होतोस. पत्राचं तसं नाही. पत्र तू दुकानाचं शटर अर्धं ओढून, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतोस. होस्टेलला आल्यावर मी लिहिलेलं पहिलं पत्र तू खडूच्या डब्यात घालून ठेवलंयस, हे आईने मला कधीच सांगून टाकलंय. तेव्हा आता नीट बस, आणि मध्ये गिऱ्हाईक आलं तर त्याला जरा थांबव.

तुझं हर्नियाचं ऑपरेशन दोन आठवड्यांवर आलं. आई म्हणते, तू असा हिंडतोयस की ऑपरेशन जणू डॉक्टरचंच आहे. कापडाचे तागे अजून स्वतःच उचलतोस म्हणे. उचलू नकोस. मला काळजी वाटते आणि ती मी लपवणार नाहीये. 'अगदी साधं ऑपरेशन' हे शब्द दुसऱ्याच्या बापाला लावले की बरे वाटतात, आपल्या बापाला लावले की त्यातला 'साधं' ऐकूच येत नाही. पण काळजीचं शेवटी बोलू. आधी माझी खबरबात.

शनिवारी मी कुठे गायब असते म्हणून तू विचारत असतोस आणि मी 'कॉलेजचं काम' एवढंच सांगते. गिऱ्हाइकांना तू सांगतोस की पोरगी प्रयोगशाळेत असते. तसं म्हणायला हरकत नाही, पण आमच्या प्रयोगशाळेत ना सूक्ष्मदर्शक आहे ना पांढरे कोट. आम्ही कॉलेजातली मुलंमुली किती दारू पितात ते मोजतो. मागे एकदा हे मी ओझरतं बोलले होते तेव्हा तू खो खो हसून म्हणाला होतास, 'त्याला कॉलेज कशाला लागतं गं, गुत्त्यावर गल्ला बघितला की कळतं.' मीही हसले होते. पण बाबा, ते तितकं सोपं नाही. गुत्त्यावर किती विकली ते कळतं, कुणाच्या पोटात किती गेली ते कळत नाही.

हे काम आमच्या मापटं मॅडमचं. हे नाव मुलांनी ठेवलेलं आहे आणि त्यांना ते ठाऊक आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागतील, चालताना मात्र मला पळावं लागतं, आणि पिशवीत छत्री नसेल पण काचेची मोजनळी हमखास असते. मुळात डॉक्टर आहेत. बरीच वर्षं इस्पितळात काढली आणि मग शिकवायला आल्या. म्हणतात, तिथे माणसं फार उशिरा भेटायची, इथे लवकर भेटतात.

गेल्या वर्षी त्यांनी साधे प्रश्न विचारले होते. कागदावर खूण करायची, नाव घालायचं नाही. गेल्या पंधरा दिवसांत एका बैठकीत पाच किंवा त्याहून जास्त वेळा ग्लास भरला, असं किती वेळा झालं? आमच्या भाषेत पाच झाले की बेसुमार. उत्तरं आली ती अशी की आमचं कॉलेज म्हणजे साधुसंतांचा मेळाच. प्राचार्यांनी ते आकडे मोठ्या कौतुकाने वार्षिक भाषणात घातले आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम टाळ्या वाजवून परत आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, 'होस्टेलच्या मागून भंगारवाला दर सोमवारी हातगाडी भरून बाटल्या नेतो. त्या काय चिमण्या पिऊन गेल्या?' मुलं खोटं बोलली असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपला प्रश्नच चुकलाय. सगळे 'एक' म्हणतात, पण प्रत्येकाचा एक किती, हे कुणी विचारलंच नाही.

म्हणून यंदा आम्ही ओतायला लावतो. वाचनालयाच्या बाजूला मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली होती, ती झाडून घेतली. प्राचार्यांनी परवानगी दिली ती 'मोजा, पण हळू आवाजात मोजा' असं बजावून. एका टेबलावर सगळ्या तऱ्हेचे ग्लास मांडलेत, उंच, बसके, जाड बुडाचे, कागदी, एक स्टीलचासुद्धा. शेजारी बाटल्या, आणि त्यांत कोऱ्या चहाचं थंड पाणी, म्हणजे रंग बरोबर दिसतो. मूल आत येतं, चिठ्ठीवरचा नंबर सांगतं, नाव नाही. त्याने आपला नेहमीचा ग्लास निवडायचा आणि रोजच्यासारखं एक ओतायचं. बस्स. पडद्यामागे मी आणि माझी खोलीतली मैत्रीण लंबू बसतो. लंबूने ग्लास आणायचा, मी मोजनळीत रिकामा करायचा आणि आकडा लिहायचा. हिशेबाचा 'एक' म्हणजे तीस मिलिलिटर.

काय गंमत असते म्हणून सांगू. छाती काढून आलेला, व्यायामशाळेत घाम गाळणारा एक दांडगा म्हणाला की मी एका बैठकीत सहा सहज मारतो. ओतलं तर नळीचं बूडसुद्धा धड भिजेना. त्याचे सहा म्हणजे आमचे दोनच. लंबूने तोंडात ओढणी कोंबली म्हणून बरं, नाहीतर आमची शोभा झाली असती. अशा फुशारक्या मारणाऱ्यांना मॅडम पहिल्या दिवसापासून ओळखून होत्या. ही मुलं दुसऱ्यांना वाटावं म्हणून पितात, आणि दुसरी मुलं ह्यांचं ऐकून आपण मागे पडलो असं समजून खरोखरच पितात. सगळं कॉलेज मुळात नसलेल्याच माणसाशी बरोबरी करतंय.

आणि मग एक अगदी शांत मुलगी आली. वेणी घट्ट, बोलणं हळू. मी फक्त कुणाच्या वाढदिवसाला घेते, तेही दोनच, असं तिने चिठ्ठीवर लिहिलं होतं. तिने उंच ग्लास उचलला आणि काठाच्या जरा खाली येईपर्यंत शांतपणे ओतत राहिली. हात थरथरला नाही, चोरटेपणा नाही, तिच्या मते ते एकच होतं. ज्याला बघायचं त्याला आम्ही नळी दाखवतो. तिने बघितली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'म्हणजे त्या दिवशी मी जिन्यात पडले, ते दोनावर नव्हतं.' मॅडमनी तिला ना उपदेश केला ना पाठीवर हात फिरवला. तिला मोजनळी धुवायला दिली. आता ती दर शनिवारी येते, ग्लास पुसते, आणि वाढदिवसाला गेली तर मोजून ओतते. परवा मला म्हणाली की लोक तिला चिडवतात, पण जिना तिला आता पूर्ण आठवतो.

हे सगळं बघताना मला सारखी तुझी आठवण येत होती. लहानपणी मी तुझ्या कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचे तेव्हापासून एक वाक्य कानावर आहे. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, कंबर बत्तीस, मापाची गरज नाही. तू मान डोलवायचास, 'हो हो, बत्तीस,' म्हणायचास आणि तोवर टेप त्याच्या कमरेभोवती गेलेलीसुद्धा असायची. छत्तीस भरायची. मग तो पोट आत ओढायचा, टेप जरा सैल की घट्ट अशी कुरकुर करायचा, आणि तू शांतपणे छत्तीस लिहायचास. तो गेल्यावर मला म्हणायचास, 'तो लबाड नाही गं. लग्नात बत्तीस होती, ती त्याच्या डोक्यात बसलीय. माणूस आपलं माप स्वतः सांगतो ना, तेव्हा जुनंच सांगतो. आपण टेप लावायची आणि त्याला लाजवायचं नाही.' मॅडमनी पहिल्या तासाला आम्हाला जवळपास हेच सांगितलं, फक्त त्यांना त्यासाठी फळ्यावर तीन आकृत्या काढाव्या लागल्या. मी मनात म्हटलं, हे तर मी घरूनच शिकून आलेय.

आता कालच्या फोनचं. आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं की तुझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का? तू म्हणालास, 'रोज एक. दुकान बंद केल्यावर, जेवणाआधी.' त्यांनी एक लिहून घेतलं. मग तू छाती पुढे काढून म्हणालास की इस्पितळात असेन तितके दिवस तर सोडाच, आदल्या दिवसापासूनच बंद करतो, मला काय सवय थोडीच आहे. आई म्हणाली, 'बघ, तुझ्या बापाचा निश्चय.' मी 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मी तडक मॅडमकडे निघाले.

कारण एक गोष्ट मी तुला सांगितलीच नव्हती, ती ह्या कामाच्या पहिल्या दिवसाची. मॅडमचा नियम आहे की जो दुसऱ्याचं माप घेणार त्याचं आधी घ्यायचं. आम्ही सगळ्यांनी रांगेने ओतायचं होतं. मी म्हटलं, मॅडम, मी तर आयुष्यात थेंब चाखलेला नाही, माझं काय मोजणार? त्या म्हणाल्या, तरी ओत, तुला एक म्हणजे किती वाटतं ते बघू. मी हसत हसत जाड बुडाचा ग्लास उचलला आणि ओतलं. विचार केला नाही. हात आपोआप एका जागी थांबला. मॅडमनी तो नळीत रिकामा केला, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, 'घरी कोण घेतं?'

पंचाहत्तर भरलं होतं, बाबा. माझा हात निळ्या रेघेवर थांबला होता, त्या ग्लासावर रेघ नसताना. आपल्या स्वयंपाकघरातल्या तुझ्या ग्लासाला दोन निळ्या रेघा आहेत, आणि 'वरच्या रेघेपर्यंत हं' असं तू मला सांगायचास. मी दुसरीत असेन. तू पाय धुऊन यायचास, मी स्टुलावर चढून ओतायचे, एक थेंब सांडायचे नाही, आणि तू आईला म्हणायचास, 'हात बघ पोरीचा, कसा स्थिर आहे. ही कात्री चालवेल.' मला त्या कौतुकाचा इतका अभिमान वाटायचा की मी जेवायच्या आधीच वाट बघत बसायचे. तो अभिमान मला आजही खोटा वाटत नाही. संध्याकाळी तू मोठ्याने बोलायचास, गिऱ्हाइकांच्या नकला करायचास, आई हसून हसून पदर डोळ्यांना लावायची. आपल्या घरात त्या ग्लासावरून कधी भांडण झालं नाही. तू कुणावर कधी हात उगारला नाहीस. म्हणूनच त्या 'एक'कडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

आणि वर तुझी ती शिलाई. अर्धा ग्लास संपला की तू बाटली तिरकी करायचास आणि म्हणायचास, 'हे मोजायचं नाही, हे शिलाईत जातं.' दुमडून शिलाईच्या आत जाणारं कापड मापात धरत नाहीत तसं. असं दोनदा व्हायचं. काल रात्री मी खोलीत बसून तेही ओतून बघितलं, तुझी मनगट वळवायची लकब मला पाठ आहे. सगळं मिळून आमच्या हिशेबाने पाच भरतात, आणि थोडं वर. कॉलेजातल्या ज्या पोरांना आम्ही बेसुमारच्या रकान्यात घालतो ती आठवड्यातून एखाद्या दिवशी पाचावर जातात. तू रोज जातोस. तू खोटं बोललेला नाहीस. तू डॉक्टरांना तुझी लग्नातली कंबर सांगितलीस.

सुट्टीत आले होते तेव्हा सकाळी तू मला सुई ओवायला लावलीस आणि चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणालास. मी चेष्टा केली की म्हातारा झालास. चष्मेवाल्याकडे गेलास तर नंबर तोच निघाला, हे तू नंतर हसत सांगितलंस. कापायचं कामही हल्ली तू घरी आणून रात्री जेवणानंतर करतोस, सकाळचा उजेड बरोबर नसतो म्हणून. बाबा, दुकानाचं तोंड पूर्वेला आहे. सकाळी तिथे डोळे दिपतात. उजेडाचा दोष नाही, सकाळी तुझा हात थरथर कापतो आणि संध्याकाळनंतर थांबतो. काल फोननंतर मी मॅडमकडे गेले आणि तुझं नाव न घेता सगळं विचारलं. त्यांना अर्थात लगेच कळलं. त्यांनी सांगितलं की रोज इतकी घेणाऱ्या माणसाने एकदम बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर उलटू शकतं. अंग थरथरतं, माणूस भ्रमात जातो, फिटसुद्धा येऊ शकते, आणि तेही पोटाला ताजे टाके असताना. भुलेचं औषधही डॉक्टर ह्याच आकड्यावर ठरवतात. आधी माहीत असेल तर त्यांच्याकडे ह्यावर औषध आहे, हे रोजचंच काम आहे त्यांचं. माहीत नसेल तर ते भलतंच काहीतरी शोधत बसतील. म्हणजे ज्या निश्चयाचं आईला एवढं कौतुक आहे, तोच तुझ्या जिवावर उठू शकतो. मला भीती वाटते ती एवढ्याचीच. बाकी ऑपरेशन साधंच आहे.

म्हणून हे पत्र. तू दारू सोड असं सांगायला मी लिहीत नाहीये, त्याचं तू नंतर बघ, आणि बघशील ह्याची मला खात्री आहे. मला आत्ता एवढंच हवंय की पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी इस्पितळात फोन करून भूल देणाऱ्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घे. फोन तूच कर, आईला देऊ नकोस. तोवर पराक्रम म्हणून एकदम बंद करू नकोस. मी शुक्रवारी दुपारच्या बसने येतेय, मोजनळी मॅडमकडून मागून घेतलीय. आपण तुझा निळ्या रेघांचा ग्लास फडक्यात गुंडाळून बरोबर नेऊ. त्यांच्या टेबलावर तू पाणी ओत, वरच्या रेघेपर्यंत, आणि मग दोन्ही वेळची शिलाई, रोजच्या मनगटाने. ते मोजतील आणि त्यांच्या कागदावरचा एक खोडून खरा आकडा लिहितील. तुला कुणी लाजवणार नाही, मी शेजारी उभी असेन. ओतताना हात कापला तर कापू दे, तेही त्यांना दिसायला हवं. इतकी वर्षं तू गावभर सगळ्यांची मापं घेतलीस, बाबा. ह्या खेपेला पोट आत न ओढता, सरळ उभा राहून, तुझं दे.

तुझीच,
स्थिर हाताची